दोन भाकरींचं अंतर

आमच्या घरात अंतर मोजायच्या दोन पद्धती होत्या. नाना दोऱ्यानं मोजत आणि माय शिदोरीनं. मायचा हिशेब सोपा होता. सकाळी बांधलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी दिवे लागेपर्यंत चांगली राहते, म्हणून जिथं दिवेलागणीला पोचता येतं ते भाकरीचं गाव. दुधात कणीक भिजवून केलेली दशमी दोन-तीन दिवस टिकते, म्हणून जिथं वाटेत मुक्काम करावा लागतो ते दशमीचं गाव. शाहपूर तर तिच्या लेखी पाण्याचं गाव होतं. तांब्याभर पाणी पिऊन निघालं की पोचलोच. कुणी पाहुणा आला की ती त्याचं गाव विचारायची नाही, वाटेत काय खाल्लं ते विचारायची, आणि त्यावरून तो किती लांबून आला ते बरोबर सांगायची. नाना तिला हसत. पण आठवून पाहिलं तर मायचा अंदाज चुकल्याचं मला एकदाही आठवत नाही. एक वेळ सोडून, आणि त्या वेळी चूक तिची नव्हती. ते सांगायलाच हे प्रकरण लिहायला घेतलं आहे.

घर बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात होतं, दोन खोल्या आणि पुढे पडवी. मागल्या गल्लीत माग चालत, त्यांची खटखट पहाटे सुरू व्हायची ती दुपारच्या जेवणाला थांबायची. ती थांबली की माय म्हणायची, "जेवा आता, गल्ली जेवायला बसली." घड्याळ नव्हतं आणि त्याची गरजही पडली नाही. नाना एका सरकारी कचेरीत नकाशे उतरवायचं काम करत. मोठ्या नकाशावर मेणचट निळसर कापड पसरायचं आणि खालच्या रेघा शाईनं वर उतरवायच्या. त्यांची बोटं लांब आणि कोरडी होती. घामाच्या हातानं शाई पसरते म्हणून ते उन्हाळ्यात मनगटाला राख लावत. घरी मात्र त्यांना एक छंद होता. कचेरीतून रद्दी म्हणून काढलेले जुने नकाशे ते आणत, कडा कापत, आणि खळ लावून एका जुन्या धोतरावर शेजारी शेजारी चिकटवत. राज्यांची नवी मांडणी होऊन आमचं निमाड आणि डोंगरापलीकडचं, आधी संस्थानात असलेलं निमाड एकाच राज्यात आलं, तेव्हा त्यांनी दोन्हीकडचे कागद जोडून पडवीच्या भिंतीवर लावले. "पहा सुमे," मला म्हणाले, "आज्यापासून जी रेघ होती ती गेली. आता इकडून तिकडे बोट सरळ सरकतं." मी बोट सरकवून पाहिलं. जोडावर खळीचा एक उंचवटा लागला.

दोऱ्यानं मोजायला त्यांनी मला शिकवलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. दोरा साधा चालत नाही, तो ताणला जातो. मागावरचं खळ दिलेलं सूत घ्यायचं. "दोरा ओढायचा नाही, रस्त्यावर झोपवायचा. रस्ता जिथं वळेल तिथं दोऱ्यालाही वळू द्यायचं," नाना सांगत. शेवटी चिमूट धरून दोरा उचलायचा, फूटपट्टीवर सरळ करायचा आणि इंचांना प्रमाणानं गुणायचं. आमच्या नकाशावर इंचाला चार मैल. मला ते इतकं आवडलं की मी गावांच्या याद्या करू लागले. डावीकडे गाव, उजवीकडे मैल. आजही मी याद्यांशिवाय बाहेर पडत नाही. सुना चेष्टा करतात, "आई, श्वास घ्यायचाही लिहून ठेवला आहे का?" नानांनी कापलेल्या कडा मी बिस्किटांच्या डब्यात जमवत असे. नकाशाचा कागद जाड, मागून कोरा. यादीला त्याहून चांगला कागद त्या वेळी आमच्या घरात नव्हता.

माझी बहीण जिजी माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मायनं तिच्या बाबतीत एकच हट्ट धरला होता. पोरगी भाकरीच्या गावात द्यायची. माय स्वतः दशमीच्या गावातून आली होती आणि तिची आई गेली तेव्हा ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याबद्दल ती बोलत नसे, पण स्थळ आलं की तिचा पहिला प्रश्न तोच असे. जिजीनंही एवढंच मागितलं होतं. मुलगा काळा असो, घर मातीचं असो, पण आखाजीला माहेरी येता आलं पाहिजे. आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मोठी. लेकी सासरहून येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस खातात. जिच्या लेकी आखाजीला आल्या नाहीत त्या आईकडे गल्लीतल्या बायका ज्या नजरेनं पाहतात, ती नजर मी पुढे बरीच वर्षं पाहिली.

आंबाडोहचं स्थळ नानांनी आणलं. मुलगा तिथल्या शाळेत मास्तर, घरची शेती, काही मागणं नाही. मुलाचे मामा नानांच्याच खात्यात मोठे बाबू होते. पाहायला चौघं आले. पोहे झाले, जिजीनं मान खाली घालून नाव सांगितलं, आणि पाहुणे हात धुवायला मागे गेले तेव्हा माय त्यांच्या पिशवीजवळ जरा जास्तच वेळ वाकली. आत येऊन मला हळूच म्हणाली, "सुमे, पाहुण्यायच्या फडक्यात दशम्या आहेत. वाळलेल्या." पाहुणे गेल्यावर तिनं नानांना तेच विचारलं. नाना हसले.

"अगं, शौकीन लोक आहेत. दूध-दुभतं भरपूर, दशम्याच खात असतील रोज. तुझ्यासारखं कळणं कशाला खातील?"

"रोजची दशमी कुणी वाळवत नाही. लांबचं गाव आहे ते."

"मग पोरीला विचार. सुमे, घे दोरा."

मी दोरा घेतला. दोघं मागे उभे होते आणि जिजी दाराच्या आड. बुऱ्हाणपूरपासून जोडापर्यंत चार इंच. तिथवर मोटार जात होती. जोडापासून पुढे बैलगाडीची वाट डोंगरातून वळत जात होती, तिच्यावर मी दोरा वळणावळणानं झोपवला. साडेपाच इंच आले. साडेनऊ चोक अडतीस. "अडतीस मैल," मी मोठ्यानं म्हणाले. "सकाळच्या मोटारीनं सोळा, मग गाडीनं बावीस. दिवेलागणीला पोचता येतं." माझा आवाज मला अजून ऐकू येतो. वर्गात पहिलं उत्तर देणाऱ्या मुलीचा असतो तसा. माय थोडा वेळ नकाशाकडे पाहत राहिली. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. मग म्हणाली, "पोरगी म्हणते तर भाकरीचं असेल." सगळे गेल्यावर जिजी आली. अंगठा बुऱ्हाणपुरावर आणि करंगळी आंबाडोहावर ठेवून तिनं हात ताणला. करंगळी जेमतेम पोचली. "एक वीत तर आहे," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यातच तिचा होकार होता.

लग्नाच्या चार दिवस आधी माय मला शेजारी बसवून न्यायच्या वस्तूंची यादी सांगत होती. मी डब्यातली एक लांब पट्टी काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत होते. लुगडी, तांब्या, करंडा, मेणाची डबी, पोलपाट. शेवटी शिदोरी. आमच्या घराची एक रीत होती. नवी नवरी सासरचा उंबरा ओलांडेपर्यंत माहेरचंच अन्न खाते. वाटेत कुणी काही दिलं तरी घेत नाही. कुठून आली ही रीत, मला माहीत नाही. दुसऱ्या कुणाकडे मी ती पाहिली नाही. "शिदोरीचं नंतर सांगते," म्हणत माय चुलीकडे उठली. मी शाई वाळावी म्हणून पट्टी उचलून उलटी करून फुंकर घातली, तर छापलेल्या बाजूला एक काळी-पांढरी चौकटींची रेघ होती आणि तिच्याखाली इंग्रजीत इंचाला आठ मैल. ती डोंगरापलीकडच्या कागदाची खालची कड होती. आमच्या कागदाचं प्रमाण चार, त्याचं आठ. नानांनी जोडताना ती कापून टाकली होती आणि मी दोन्ही कागदांना एकच आकडा लावला होता. हिशेब करायला मला वेळ लागला नाही. अलीकडचे सोळा, पलीकडचे बावीस नव्हेत तर चव्वेचाळीस, आणि तेही डोंगरातून. साठ मैल. वाटेत दोन मुक्काम.

नाना पडवीत आरशापुढे दाढी करत होते. मी पट्टी त्यांच्यापुढे धरली आणि एका दमात सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते वस्तरा खाली ठेवतील, मायला हाक मारतील. त्यांनी उरलेला गाल पूर्ण केला.

"मला ठाऊक आहे," म्हणाले.

"मग त्या दिवशी तुम्ही बोलला का नाही?"

"हळू बोल." त्यांनी पाणी फेकलं आणि माझ्याकडे न पाहता टॉवेलनं तोंड पुसलं. "कचेऱ्या एक होताहेत. कोण कुठं जाणार याची लिस्ट बनते आहे. माझं नाव रीव्याला आहे. रीवा कुठं आहे माहीत आहे? तुझ्या दोऱ्यात बसणार नाही. ती लिस्ट ज्या टेबलावर आहे तिथं जिजीचे मामेसासरे बसतात. समजलं?"

"पण मायला..."

"तुझी माय ऐकेल? आणि दोन वर्षांत तिथं सडक होते आहे, मोटार जाईल. आता सगळा एकच मुलूख आहे, सुमे. काय चार आणि काय आठ." मग ते मऊ झाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ती पट्टी फाडून टाक. शहाणी आहेस तू."

शहाणी असल्याचं ते मला नेहमी म्हणत, आणि त्या दिवसापर्यंत मला ते आवडत असे. मी पट्टी फाडली नाही. मागे चांगल्या अक्षरातली यादी होती, ती पुन्हा लिहायचा कंटाळा आला, असं मी स्वतःला सांगितलं. मी आत आले तेव्हा माय चुलीपुढे बसली होती. मला सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. पण हळद दळून झाली होती, मांडव घातला होता, जिजी शेजारणींबरोबर मेंदी वाटत हसत होती आणि अडतीस हा आकडा मीच सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितला होता. खरं सांगायचं तर नानांच्या बदलीपेक्षा मला त्या आकड्याचीच लाज जास्त वाटत होती.

"हं, लिही शिदोरी," माय म्हणाली. "दिवेलागणीला पोचेल ना नक्की? मग दोन भाकरी बास. पोरीच्या पदरात शिळं कशाला बांधू?"

मी चार म्हणू शकत होते. दशम्या कर म्हणू शकत होते, जिजीला आवडतात म्हणून. पण दशम्या म्हटल्या असत्या तर मायनं माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं. मी लिहिलं, भाकरी दोन. लसणाची चटणी, कांदा एक.

पाठराखीण म्हणून शेजारची एक मावशी जाणार होती. निघायच्या आदल्या दिवशी नाना म्हणाले, त्यांच्या बायका आहेत बरोबर, आपलं माणूस कशाला. मायला ते आवडलं नाही, पण लग्नघरात सगळ्याच गोष्टींवर भांडता येत नाही. पाठराखीण का नको ते मला कळत होतं. ती चार दिवसांत परत आली असती आणि वाट कशी आहे ते गल्लीभर सांगितलं असतं. मोटार सुटताना जिजी रडली, पण फार नाही. खिडकीतून मला म्हणाली, "रडू नको वं, वीतभरच तर आहे."

पुढे तिच्या सासरहून एक कार्ड आलं, सुखरूप पोचल्याचं. नानांचं नाव रीव्याच्या यादीतून गेलं. ते त्याच कचेरीतून, त्याच टेबलावरून निवृत्त झाले.

आखाजी आली. सासरहून लेकीला आणायला जो जातो त्याला मुऱ्हाळी म्हणतात. आमचा आतेभाऊ वामन मुऱ्हाळी म्हणून निघाला. मायनं त्याचे दिवस मोजले होते. जायला एक, यायला एक, मध्ये एक पाहुणचाराचा. आखाजीच्या आदल्या संध्याकाळी जिजी दारात हवी होती. मायनं निंबाला झोका बांधला. नवी दोरी, पाटावर घडी घातलेली गोधडी. आखाजीच्या सकाळी चूल पेटवून वर खापर उपडं घातलं, आणि तिचे मांडे हातांवर पसरत गेले. कोपरापासून बोटांपर्यंत पिठाचा पातळ पडदा लोंबत असे आणि तो फाटत नसे. दुसऱ्या कुणाला ते जमत नसे. आंब्यांचा रस पितळेच्या पातेल्यात काढून ठेवला. मोटारीची वेळ झाली, टळली. गल्लीतल्या झोक्यांवर गाणी चालली होती. आमच्या झोक्यावर शेजारच्या पोरी बसायला आल्या तर मायनं त्यांना बसू दिलं नाही. संध्याकाळी तिनं पातेल्यावरचं झाकण उचलून वास घेतला, पुन्हा ठेवलं, आणि पडवीत येऊन नानांसमोर उभी राहिली.

"कितलं दूर आहे ते गाव? खरं सांगा."

नाना पेपर वाचत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "पोरीच्या दोऱ्यात काही चूक झाली असेल. लहान आहे. होतं असं."

मी नकाशाखालीच बसले होते. पट्टी आत डब्यात होती, दहा पावलांवर. माय माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाला मी काहीतरी उत्तर दिलं असतं. "राहू दे," म्हणाली. "जिजीसमोर बोलू नका कुणी हे. पोरीवर राग धरेल ती." एवढंच. मग तिनं रस मोरीत ओतला. तो आंबूस वास त्या घराचा म्हणून माझ्या नाकात राहून गेला आहे.

जिजी तिसऱ्या दिवशी आली. झोका सोडून ठेवला होता. वामन म्हणाला, "मामी, दोन मुक्काम पडतात. बैल बसले वाटेत." माय म्हणाली, "व्हय. समजलं." जिजी सुकली होती आणि तिला परवाच निघायचं होतं, कारण जायचे तीन दिवस धरून सासूनं वार सांगितला होता. हात-पाय धुऊन ती पडवीत आली, नकाशापुढे उभी राहिली. मला वाटलं हात लावेल. नाही लावला. त्यानंतर ती आखाजीला चार वेळा आली, वीस वर्षांत. सडक व्हायला चौदा वर्षं लागली. माय गेली तेव्हा जिजी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. मायच्या आईसारखंच झालं.

त्या आखाजीनंतर मायनं नकाशा भिंतीवरून काढला आणि घंगाळात भिजत घातला. नाना कचेरीत होते. कागद फुगला, सुटला, त्याचा लगदा तिनं खरवडून उकिरड्यावर टाकला. धोतर चांगलं होतं, ते धुऊन वाळवलं आणि पुढे बरीच वर्षं कणकेवर झाकायला वापरलं. नानांनी मोकळ्या भिंतीकडे पाहिलं आणि हात-पाय धुवायला मागे गेले. मला मायनं त्यानंतर कुठल्याही गावाचं अंतर कधी विचारलं नाही. बाकी सगळं विचारायची. मीठ किती, सूत किती, आज तिथी कोणती.

गेल्या थंडीत जिजी माझ्याकडे पंधरा दिवस राहून गेली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्या सामानाची यादी करत होते, औषधं, गोळ्यांच्या वेळा, डबा. ती खाटेवर बसून ऐकत होती. डब्याचं नाव काढताच म्हणाली, "जरा जास्त दे हो. मायसारखं नको करू."

"मायनं काय केलं?"

"लग्नात दोनच भाकरी दिल्या होत्या मला. पहिल्या दिवशीच संपल्या. मग दोन दिवस काही नाही. सासूनं वाटेत पिठलं पुढे केलं, चुलत सासऱ्यानं केळी दिली, मी हातच लावला नाही. उंबरा ओलांडायचा होता ना! त्यांना वाटलं, शहरातली पोरगी, आमच्या अन्नाची घाण येते हिला. सासू मरेपर्यंत बोलत होती ते. 'रानी आली वं बुऱ्हाणपूरची, उपाशी राहीन पण तुमचं खाणार नाही.'" जिजी हसली, पण लगेच थांबली. "मला एकच समजलं नाही सुमे. मायचा अंदाज कधी चुकत नव्हता. जगाचा चुकेल, तिचा नाही. माझ्याच वेळी कसा चुकला? कधी कधी वाटतं, तिला माझी घाईच झाली होती."

बिस्किटांचा डबा कपाटात वरच्या फळीवर आहे. मी उठले आणि पट्टी काढून आणली. का आणली ते सांगता येत नाही; सांगायचंच ठरवलं असावं. तिच्या हातात दिली. कागद आता पिवळा पडला आहे, पण जाड आहे. तिनं तो बोटांनी चाचपला, डोळ्यांपुढे धरला, दोन्ही बाजूंनी फिरवला.

"काय आहे? मला धूसर दिसतं सगळं. वाच ना."

मी पट्टी घेतली आणि यादीची बाजू वाचली. लुगडी, तांब्या, करंडा, मेणाची डबी, पोलपाट. भाकरी दोन. लसणाची चटणी, कांदा एक.

"पहा," जिजी म्हणाली, "लिहूनच ठेवलं होतं मायनं."

अक्षर माझं होतं. मी पट्टी उलटी न करता डब्यात ठेवली आणि तिच्या सामानाच्या यादीत दशम्या लिहिल्या, आठ.